दोन मिनिटं चौदा सेकंदांवरचं गाणं

१

शुश्रूषा केंद्राच्या चॅनेलवर एकशे बेचाळीस पाठ होते, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांतला एकही उरणार नव्हता.

मोठ्या बाईंनी हे सांगितलं ते रडून नाही की चिडून नाही. टेबलाच्या काचेवर बोटानं एक रेघ ओढत, दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. त्या केंद्राच्या संचालिका, स्वतः डॉक्टर. आठवडाभराचं जागरण डोळ्यांखाली उतरलेलं.

समोर बसल्या होत्या फीतबाई. चौतीस वर्षं रेडिओच्या ध्वनिफिती सांभाळण्यात गेली, तेव्हा पडलेलं हे नाव निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं. दर बुधवारी त्या केंद्रात येत आणि खाटाखाटांवरून फिरून ज्याला जे हवं ते गाणं ऐकवत. आज सोमवार. बाईंचा फोन आला म्हणून दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढून आल्या होत्या.

"तीन तक्रारी झाल्या की चॅनेल बंद," बाई म्हणाल्या. "तिसरी गेल्या गुरुवारी आली. सात दिवसांची मुदत. आणि कशावरून, तर एका गाण्यावरून. नावाड्याचं गाणं. आपल्या तीन फिल्म्समध्ये मागे लावलंय."

केंद्रात दोन शब्द होते. घरच्यांना शिकवायचे ते पाठ: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, नळीतून अन्न कसं द्यायचं, पडल्यापडल्या केस कसे धुवायचे. आणि हितचिंतकांना दाखवायच्या त्या फिल्म्स. गाणं होतं फिल्म्समध्ये. बुडणार होते पाठही.

फीतबाईंनी काही विचारलं नाही. पाठ क्रमांक अकरा त्यांना तोंडपाठ होता. नवऱ्याच्या शेवटच्या पाच महिन्यांत तो फोनवर लावून, फोन उशाशी टेकवून, दुमडलेल्या चादरीच्या मदतीनं त्यांनी एकटीनं त्यांची कूस बदलली होती. दिवसातून सहा वेळा. त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. तो अकरावा पाठ लाखावर लोकांनी पाहिलाय, म्हणजे लाखभर घरांत कुणीतरी असंच एकटं वाकलेलं असणार.

"गाण्याच्या कंपनीशी बोललात?"

"बोलले. त्यांची वकील आहे, शांतपणे बोलते, म्हणून जास्त लागतं. म्हणते, आम्हाला तुमच्याच आतल्या माणसानं कळवलं. पत्राला सही नाही. मजकूर तेवढा पाठवलाय तिनं." बाईंनी कागद पुढे सरकवला.

फीतबाईंनी चष्मा चढवला. मजकूर छोटा होता. पहिल्या फिल्मची लिंक, गाणं एक मिनिट पाच सेकंदांपासून. दुसरीची लिंक, चाळीस सेकंदांपासून. तिसरीची लिंक, दोन मिनिटं चौदा सेकंदांपासून शेवटपर्यंत. खाली एकच ओळ: 'सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.'

"वकीलबाईंचं म्हणणं, याच माणसानं लिहून द्यावं की तक्रार मिटली, पुन्हा होणार नाही, मग मी तिन्ही मागे घेते. माझ्या शब्दावर नाही घेणार."

"तुमच्या शब्दावर का नाही?"

बाईंची रेघ काचेच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. "पहिल्या तक्रारीला मी उत्तर दिलं होतं, आमच्याकडे तुमचं परवानगीपत्र आहे म्हणून. त्या म्हणतात, नाहीये."

"आतलाच माणूस कशावरून?"

"तिसरी फिल्म अजून कुणाला दाखवलेलीच नाही हो! शुक्रवारच्या हितचिंतक मेळाव्यासाठी केली. चॅनेलवर चढवली, पण लिंक असेल त्यालाच दिसेल अशी. आणि लिंक होती मी धरून पाच जणांकडे."

२

परवानगीपत्र फायलीत होतं, आणि ते फीतबाईंच्या चांगल्याच ओळखीचं होतं. सात वर्षांपूर्वी कंपनीच्या पायऱ्या झिजवून त्यांनीच ते आणलं होतं.

"वाचता का जरा मोठ्यानं?" त्या म्हणाल्या.

बाई वाचू लागल्या. "...आपल्या केंद्राच्या रुग्णकक्षात रुग्णांना ऐकवण्यासाठी..." मग त्यांनी कागद खाली ठेवला. "पण आपण धर्मादाय संस्था आहोत. विकत थोडंच होतो कुणाला?"

हे वाक्य फीतबाईंनी रेडिओत इतक्यांदा ऐकलं होतं, की राग यायचाही आता कंटाळा येई. "बाई, गाणं ऐकवणं वेगळं आणि चित्राला चिकटवणं वेगळं. चिकटवलं की नवी वस्तू झाली. चाल बांधणारा, शब्द लिहिणारा, ध्वनिमुद्रिका काढणारा, सगळ्यांना विचारावं लागतं. आपण काम चांगलं करतो म्हणून ते आपलं होत नाही. विचारलं असतं तर कदाचित दिलंही असतं त्यांनी."

"वाटलं, देतीलच. म्हणून विचारलं नाही."

"हं," फीतबाई म्हणाल्या. मग पिशवी उचलून त्या संकलकाकडे निघाल्या.

संकलकाची खोली म्हणजे चादरींच्या कोठारातला पडद्यानं तोडलेला कोपरा. सगळे त्याला कात्रीभाऊ म्हणत. पन्नाशीचा माणूस, कंबरेला पट्टा, बोलताना पडद्यावरची नजर न काढणारा.

"या. संशयित नंबर एक हजर आहे," तो म्हणाला. "मोठ्या बाई चार दिवस माझ्याशी बोलताना दाराकडे बघतायत."

"तुम्ही लिहिलंत का?"

"फीतबाई, मी या गाण्याच्या विरोधात होतो. माझा मेव्हणा सतार वाजवतो, म्हटलं, त्याच्याकडून चार मिनिटं वाजवून घेऊ, लेखी घेऊ, कटकट नको. प्रसिद्धीवाले साहेब म्हणाले, सतारीनं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हटलं, लावा बाबा नावाडी. पण तक्रार कशाला करू? हे एकशे बेचाळीस पाठ कुणी कापलेत? स्वतःच्या हातानं स्वतःचे हात तोडू?"

"तिसऱ्या फिल्ममध्ये गाणं का एवढं मोठं?"

आता तो वळला. "शिंपीकाकांसाठी. त्यांचं आवडतं ना ते. तिन्ही फिल्म्समध्ये काकाच आहेत."

हे फीतबाईंना ठाऊक नव्हतं. शिंपीकाका म्हणजे खाट क्रमांक सात. दर बुधवारी त्या गेल्या की काका आधी उशी नीट करून घेत, मग म्हणत, 'चला, काढा होडी.' दोन महिन्यांपूर्वी ते गेले.

"मला फिल्म कुणी दाखवली नाही," फीतबाई हळूच म्हणाल्या.

"दाखवतो ना. पण आधी सांगून ठेवतो, सुरुवात माझी नाही. मी फिल्म खिडकीपासून सुरू केली होती. पडदा हलतो, बस. बैठकीत सगळ्यांना तशीच दाखवली, कच्ची. वाहवा झाली. दुसऱ्या दिवशी साहेब आले, म्हणाले, पुढे देणगीदारांच्या नावांची पाटी जोडा. जोडली. वाटतं, लग्नाची पत्रिका उघडली!"

"बैठकीला कोण कोण होतं?"

"बाई, साहेब, मी आणि सहीताई. मोठ्या सिस्टर राउंडवर होत्या. त्यांना लिंक नंतर गेली, बाकीच्यांबरोबरच."

खालून कुणीतरी जिन्यावरून हाक मारली: "फीतबाई, साहेब लगेच बोलावतायत! त्यांना गुन्हेगार सापडलाय म्हणे!"

३

प्रसिद्धीवाल्या साहेबांच्या खोलीत टेबल आरशासारखं स्वच्छ होतं. नवी नोकरी मिळालेल्या माणसाचं टेबल. पुढच्या महिन्यात ते जाणार होते, हे साऱ्या केंद्राला माहीत होतं.

"कात्रीभाऊ!" ते म्हणाले. "दुसरा कोण असणार? सेकंदासकट वेळा लिहिल्यात. सेकंदांत विचार कोण करतं?"

"मी करते," फीतबाई म्हणाल्या.

साहेब हसले, मग हसू विरलं. "तसं नव्हे हो."

"आणि त्यांनी का लिहावं?"

"सतार नाकारली म्हणून. कलाकार लोक, मनाला लावून घेतात. बरं, तुम्ही काळजी करू नका. मेळावा काही अडत नाही. मी गाणं काढायला लावून दुसरी धून टाकून ठेवलीय, रीतसर घेतलेली. चॅनेल गेलं तरी शुक्रवारी फिल्म पडद्यावर लागणार."

"चॅनेल गेलं तरी," फीतबाईंनी तेच शब्द परत केले. साहेबांना ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी पेन उगाच उचललं. "एक विचारू? फिल्म उघडली की पहिल्यांदा काय दिसतं?"

"पाटी! माझीच कल्पना. सोनेरी अक्षरं. तीन नावांचं स्पेलिंग मी स्वतः तपासलंय."

मोठ्या सिस्टर रुग्णकक्षाच्या टोकाशी औषधांची गाडी लावत होत्या. त्यांच्याशी बोलायचं तर गाडीबरोबर चालावं लागे.

"फिल्म म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो," त्या म्हणाल्या. "दिवे घेऊन घुसतात, खाटा सरकवतात. मी बाईंना तोंडावर सांगितलंय, तीनदा. तक्रार करायची असती तर चौथ्यांदा तोंडावरच केली असती. सहीशिवाय पत्र? मला एवढा वेळ कुठाय लपायला?"

"तिसरी फिल्म पाहिलीत?"

"जेवणाच्या सुट्टीत लावली. आधी ती नावांची पाटी, नाव, नाव, नाव. माझा घास संपला, नावं संपेनात. बंद केली."

"म्हणजे गाणं लागेपर्यंत पाहिलीच नाही?"

"काकांना मी दोन वर्षं रोज पाहिलंय. पडद्यावर कशाला बघू?" सिस्टरनी गाडी थांबवली आणि आवाज खाली आणला. "फीतबाई, एक सांगू? ज्यानं लिहिलंय त्याला बाई काढतील. पण ते माणूस वाईट नसेल, असं मला वाटतं. त्या पत्रातली शेवटची ओळ वाचलीत ना? सांगून पाहिलं म्हणतंय. वाईट माणसं आधी सांगत नाहीत."

४

सहीताईंचं खरं पद समाजसेविकेचं. पण केंद्रात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचं संमतीपत्र त्या भरून घेत, म्हणून सहीताई. चाळीस-बेचाळीसच्या, बारीक अंगाच्या, समोरच्याच्या वाक्याचा शेवट होईपर्यंत वाट पाहणाऱ्या. मंगळवारी दुपारी त्या आपल्या खोलीत नव्या रुग्णाच्या सुनेला कागद समजावत होत्या. फीतबाई बाकावर बसून राहिल्या.

"इथं लिहिलंय, पाठासाठी चित्रीकरण. नको असेल तर नाही म्हणा," सहीताई सांगत होत्या. "उपचारांत काडीचा फरक पडणार नाही. घरी विचारा. उद्या सांगितलंत तरी चालेल."

सून गेली. सहीताईंनी कागद पालथा घातला. "मला वाटलंच होतं, तुम्ही याल."

"सगळ्यांकडेच जातेय. गुडघे बोंबलतायत नुसते. शिंपीकाकांचं संमतीपत्र तुम्हीच घेतलंत ना?"

"हो. केस धुण्याच्या पाठासाठी. तेव्हा बरे होते ते. पाठाच्या दिवशी सकाळी सिस्टरना म्हणाले, आधी दाढी करा. स्वतः शिवलेला सदरा घालूनच बसले. म्हणाले, ताई, गिऱ्हाईकासमोर मी कधी बिनइस्त्रीचा गेलो नाही."

दोघीही हसल्या. हसू टिकलं नाही.

"कागद पाठासाठी होता, मग फिल्म्समध्ये कसे?"

"छापील कागदात खाली एक ओळ आहे. 'व संस्थेच्या इतर कार्यासाठी.' सगळ्यांच्याच कागदात असते." त्यांनी टाचणी उचलली, डबीत ठेवली. "वकिलांनी घातलेली. कुणी वाचत नाही."

"तिसरी फिल्म कशी वाटली तुम्हाला?"

"चांगली केलीय भाऊंनी."

"सुरुवात कशी आहे?"

"खिडकी दिसते," सहीताई म्हणाल्या. "पडदा वाऱ्यानं हलतो. मग खालून काकांचा हात येतो, चादरीवर. तो हात शिवण घातल्यासारखा हलत असतो. शेवटच्या आठवड्यातलं आहे ते. कुणालाच ओळखत नव्हते तेव्हा." त्या थांबल्या. "अजून काही विचारायचंय?"

फीतबाईंना अजून काही विचारायचं नव्हतं. त्या उठल्या. 

तिथून त्या थेट कात्रीभाऊच्या कोठारात गेल्या. "चॅनेलवर चढवली तीच लावा," म्हणाल्या, आणि पिशवीतून रेडिओच्या काळातलं स्टॉपवॉच काढलं.

"पडद्यावर वेळ दिसते की हो."

"दिसू दे. माझा हातावर विश्वास आहे."

सोनेरी पाटी आली, गेली. खिडकी, पडदा, हात. मग काकांचा चेहरा: गाल आत गेलेले, पांढरे खुंट वाढलेले, ओठांच्या कोपऱ्यात ओल. फीतबाईंच्या ओळखीचा माणूस नव्हताच तो. गाणं सुरू झालं तसा त्यांनी खटका दाबला.

काटा दोन मिनिटं एकतीस सेकंदांवर होता.

"पाटी किती सेकंदांची?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

पत्रात दोन चौदा होतं. फीतबाईंनी स्टॉपवॉच पिशवीत टाकलं आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बराच वेळ बसून राहिल्या. सापडलं होतं. आनंद मात्र कुठं सापडत नव्हता.

५

बुधवारी सकाळी अकराला मोठ्या बाईंच्या खोलीत पाच जण बसले. फीतबाईंना खुर्ची दिली होती; त्यांनी ती घेतली नाही, बसलं की उठवत नव्हतं म्हणून.

"मी लांबण लावत नाही," त्या म्हणाल्या. "पत्रात तीन वेळा दिल्यात. पहिल्या दोन फिल्म्सच्या तंतोतंत बरोबर. तिसरीची सतरा सेकंदांनी चुकली. लिंक चढवलेल्या फिल्मची, पण वेळ कच्च्या फिल्मची, पाटी जोडण्याआधीची. रेडिओत असती तर मला मेमो मिळाला असता."

साहेब पुढे झुकले. "म्हणजे?"

"म्हणजे ज्यानं लिहिलं त्यानं बैठकीत कच्ची फिल्म पाहिली आणि वेळ टिपून घेतली. पुढे लिंक आली ती न उघडता तशीच पत्रात उतरवली. म्हणून सिस्टर नाहीत; त्या बैठकीला नव्हत्या, दोन चौदा त्यांना कुठून कळणार? साहेब नाहीत, पाटी त्यांचीच, सतरा सेकंद त्यांनीच वाढवले. भाऊ तर नाहीतच, त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते दोन एकतीस सांगतील."

"आभारी आहे," कात्रीभाऊ म्हणाला. "सहा दिवसांनी का होईना."

"मोठ्या बाई..."

"माझाही नंबर आहे का?" बाईंनी विचारलं.

"यादीत पाच होते ना. तुम्ही पाटीतलं एक नाव बदलून घेतलंत, भाऊंकडे तुमची चिठ्ठी आहे. म्हणजे तुम्ही चढवलेली फिल्म पाहिली." फीतबाईंनी श्वास घेतला. "मी प्रत्येकाशी बोलले. सगळ्यांच्या तोंडी आधी पाटी आली. कुणाला आवडली, कुणाच्या घशात अडकली. एकाच माणसाच्या तोंडी खिडकी आली."

कुणीही सहीताईंकडे पाहिलं नाही. तेच पाहण्यासारखं होतं.

"एकदाच पाहिली मी," सहीताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच. "दुसऱ्यांदा बघवली नसती."

"तुम्ही?" बाई उभ्या राहिल्या. "एकशे बेचाळीस पाठांच्या सह्या तुम्ही घेतल्यात! माणसं नाही म्हणत होती, त्यांना तास-तास समजावलंत! आणि एका गाण्यासाठी..."

"गाण्यासाठी नाही, बाई."

"मग कशासाठी?"

"काकांनी सही करताना मला विचारलं होतं, ताई, मी बरा दिसतोय तोवरच घ्याल ना? मी म्हटलं, हो. कागदावर नाही लिहिलं. त्यांना कागद नको होता, माझं हो पुरे होतं. बैठकीत मी सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, संमतीपत्रात तसं काही नाही."

"नव्हतंच."

"नव्हतं. मग मी शोधत बसले, कुणाकडे जाऊ. त्यांना मागे-पुढे कुणी नाही. चेहऱ्याचा मालक गेला की चेहरा कुणाचाच नसतो, बाई. गाण्याला मात्र मालक होता. पत्ताही होता."

मोठ्या सिस्टर डोळे पुसत नव्हत्या, पण रुमाल काढून हातात धरला होता.

"चॅनेल जाईल हे माहीत होतं?" फीतबाईंनी विचारलं.

"शपथेवर सांगते, नाही. फिल्म उतरवतील एवढंच वाटलं. गेल्या गुरुवारी कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. तेव्हापासून रोज कंपनीला लिहायला बसते. पण मागे घेतलं की फिल्म राहणार, शुक्रवारी लागणार. न लिहावं तर पाठ जाणार. लिहिते आणि खोडते."

"फिल्म तशीही लागणारच आहे," साहेब जरा चाचरत म्हणाले. "धून बदललीय ना."

सहीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पर्स मांडीवर ओढली, फोन काढला. "मग काय उरलंच नाही. देते लिहून. पाठ तरी वाचू देत."

"थांबा," फीतबाई म्हणाल्या.

६

फीतबाई आता खुर्चीत बसल्या. यापुढे उभं राहवणार नव्हतं.

"वकीलबाईंना दोन गोष्टी हव्यात," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "तक्रार मिटली, आणि पुन्हा होणार नाही. ताई खोटं लिहिणाऱ्यातल्या नाहीत. धून बदलून मिटलं असं त्या लिहितील, पण ते खरं नसेल. तुम्ही ठरवायचंय, त्यांनी खरं काय लिहायचं."

"फीतबाई, शुक्रवारी तीनशे माणसं येणार आहेत. माझ्याकडे दुसरं काय आहे दाखवायला?"

"मला ठाऊक नाही. तुम्हाला कंपनीचा राग का आला, ते आठवून बघा. आम्ही एवढं चांगलं काम करतो, तरी अडवतात म्हणून. आणि ते परवानगीपत्र? गाण्याच्या पत्रात जे नव्हतं ते आपण मनानं वाचलं. काकांच्या कागदात जे होतं त्याच्यापलीकडे मात्र एक अक्षर वाचायला तयार नाही." हे बोलून त्यांना इतकं थकायला झालं, की त्यांनी डोळे मिटले. "पत्र मीच आणलं होतं. ते कशासाठी नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं मी. ती चूक माझी."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"भाऊ, तिसरी फिल्म इथं लावा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आवाज बंद करून."

बाईंनी ती उभ्यानं पाहिली. सोनेरी नावं, खिडकी, पडदा, हात. चेहरा आला तेव्हा त्या पडद्याच्या जवळ गेल्या, राउंडवर रुग्णाजवळ जातात तशा, अगदी तेवढंच अंतर ठेवून. गाण्याविना चार मिनिटं फार लांब वाटली.

"हा माणूस मला सांगत होता, कोट शिवून देतो म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, सवडीनं माप देईन." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "भाऊ, तिन्ही उतरवा. धून बदललेलीही. तुमच्या यंत्रातूनसुद्धा. साहेब, तुम्ही काही बोलू नका, प्लीज."



कात्रीभाऊनं एकेक करून तिन्ही काढल्या. प्रत्येक वेळी यंत्रानं विचारलं, नक्की काढायची का. प्रत्येक वेळी त्यानं बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी मान हलवली.

सहीताईंनी तिथंच बसून पत्र लिहिलं. चार ओळी. तक्रार मिटली. तिन्ही फिल्म्स उतरवल्या आहेत. पुढे गाणं वापरायचं तर आधी विचारू. खाली या वेळी स्वतःचं पूर्ण नाव आणि पद. दुपारी साडेतीनपर्यंत कुणी जेवलं नाही. मग वकीलबाईंचा फोन आला, शांत आवाजात, की तिन्ही तक्रारी मागे घेतल्याचं चॅनेलला कळवलं आहे, आणि नावाड्याचं गाणं खरंच हवं असल्यास अर्ज कसा करायचा तेही पाठवते आहे.

कात्रीभाऊनं चॅनेल उघडून पाहिलं. लाल पट्टी गेली होती. एकशे बेचाळीस. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "झालं ना? माझी औषधं राहिलीत," आणि गाडीकडे पळाल्या.

सहीताई उठल्या. "माझा राजीनामा टाइप करून ठेवलाय, बाई. शुक्रवारपासूनचा आहे."

"शुक्रवारी मेळावा आहे," मोठ्या बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्यापुढे कार्यक्रमपत्रिका होती. फिल्मच्या जागी त्यांनी काट मारली होती आणि पेन तिथंच टेकवून ठेवलं होतं. "तीनशे माणसं आणि चार मिनिटं रिकामी. मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. ते मला अजून जमलेलं नाही. पण या चार मिनिटांत काय करायचं ते सांगा."

सहीताई दारात थांबल्या. बाहेर कक्षात कुणाच्या तरी खाटेची कळ फिरवल्याचा करकर आवाज आला.

"मी बोलते," त्या म्हणाल्या. "काकांबद्दल."

"काय बोलणार?"

"जेवढं सांगायला त्यांची हरकत नव्हती, तेवढं."

बाईंनी पेन उचललं आणि काट मारलेल्या जागेवर सहीताईंचं नाव लिहिलं.